देवमाशाची हार्मोन तपासणी : पैसा नेमका कुठे जातो?

समजा, तुम्ही एखाद्या कंपनीच्या सीएसआर निधीचं काम पाहता, किंवा एखाद्या ट्रस्टवर आहात. किंवा तुमची मुलगी सागरी जीवशास्त्रात पीएचडी करायला निघाली आहे आणि तिला मार्गदर्शकांनी बजेट मांडून आणायला सांगितलं आहे. समोर प्रस्ताव आहे : देवमाशाला हातही न लावता त्याच्या विष्ठेतून किंवा श्वासाच्या फवाऱ्यातून हार्मोन मोजायचे, मादी गाभण आहे का, जनावर तणावात आहे का, ते ओळखायचं. खाली रक्कम, आणि त्या रकमेचा मोठा भाग ड्रोन आणि तपासणीच्या किटवर लावलेला. असा कागद हातात आला तर सही करण्याआधी थोडं थांबा. या कामात किट आणि ड्रोन या दोन सगळ्यांत स्वस्त वस्तू आहेत.

काम मात्र खरं आहे, त्यात शंका नको. चाळीस-पन्नास टनांच्या, सगळं आयुष्य पाण्यात काढणाऱ्या जनावराचं रक्त घ्यायची सोय नाही. पण हार्मोन शरीरात वापरून झाले की त्यांचे अंश विष्ठेतून बाहेर पडतात आणि ते मोजता येतात. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अक्वेरियममध्ये डॉ. रोझालिंड रोलँड यांनी १९९९ मध्ये उत्तर अटलांटिकच्या राइट व्हेलची विष्ठा या कामासाठी गोळा करायला सुरुवात केली. २००५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिलं, की गाभण मादी, पाजती मादी आणि वयात आलेला नर यांच्या विष्ठेतले हार्मोन इतके वेगळे असतात की त्यावरून जनावराची अवस्था सांगता येते. ही जात आज चारशेच्या आत उरली आहे. माद्यांच्या दोन वेतांमध्ये पूर्वी तीन वर्षांचं अंतर असे, आता सहा ते दहा वर्षं जातात. त्या गाभणच राहत नाहीत, की राहून गाभडतात, हे दुर्बिणीतून दिसत नाही. हार्मोनवरून कळतं. म्हणून हा खर्च करण्यालायक आहे, आणि म्हणूनच त्यातला रुपयाही चुकीच्या जागी जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

पुढच्या हिशेबासाठी मी डॉलर ८५ रुपये, पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि एका हार्मोनचा एका प्लेटचा किट ३५० डॉलर असे गोल भाव धरले आहेत. तुम्ही तुमचं कोटेशन मागवा. भाव वरखाली होतील, खर्चाचं एकमेकांशी प्रमाण फारसं हलणार नाही.

किट आणि प्लेट

नमुना आधी गोठवून वाळवतात आणि त्याची भुकटी करतात. चिमूटभर, साधारण ०.२ ग्रॅम, भुकटी मिथेनॉलमध्ये घुसळली की हार्मोन द्रावणात उतरतात. ते द्रावण ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घालतात आणि रंग किती गडद आला त्यावरून यंत्र हार्मोनचं प्रमाण सांगतं. पद्धत तीच, जी माणसाच्या थायरॉइडच्या तपासणीत पॅथॉलॉजी लॅब वापरते.

प्लेट ९६ खळग्यांची असली तरी ९६ नमुने बसत नाहीत. दोन डझन खळगे प्रमाण द्रावणं आणि नियंत्रण नमुन्यांना जातात. उरलेल्या ७२ मध्ये प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, म्हणजे ३६ नमुने. अमेरिकेत हा किट वरच्या हिशेबाने तीस हजार रुपयांच्या आसपास पडला तर आपल्याकडे थंड पेटीतली वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि वितरकाची टक्केवारी धरून हातात पडेपर्यंत पंचेचाळीस हजार धरून चला. भागिले ३६, म्हणजे एका नमुन्यात एक हार्मोन १,२५० रुपयांना. चार हार्मोन घेतले तर ५,००० रुपये. पण घाईघाईने बाराच नमुन्यांसाठी प्लेट फोडली, तर तोच एक हार्मोन ३,७५० रुपयांना पडतो. म्हणून नमुने गोठवून साठवायचे आणि प्लेट भरेल तेव्हाच लावायची. प्रस्तावात "दर महिन्याला तपासणी" असं लिहिलं असेल तर ते ऐकायला चांगलं वाटतं, खिशाला परवडत नाही.

इथे एक मोह होतो : आपल्याला तणावाशीच मतलब आहे ना, मग एकट्या कॉर्टिसोलच्या गटातले हार्मोन तपासू, बाकीच्यांचे पैसे वाचतील. असं करू नका. राइट व्हेलमध्ये गाभण माद्या आणि प्रौढ नर यांचे हे तणावाचे हार्मोन मुळातच जास्त असतात. मादी गाभण आहे हे माहीत नसेल तर तुम्ही तिच्या गरोदरपणालाच तणाव समजून अहवाल लिहाल. प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन सोबत तपासल्याशिवाय कॉर्टिसोलच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही.

थायरॉइडचा टी-३ हा चौथा हार्मोन का हवा, ते ओर्कांच्या, म्हणजे किलर व्हेलच्या, कामातून कळतं. अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेलिश समुद्रात ओर्कांचा एक कळप राहतो, पंच्याहत्तरच्या आसपास जनावरं उरलेली. हे ओर्का मुख्यतः चिनूक सॅमन खातात. त्यांच्यामागे पर्यटकांच्या बोटी सतत लागलेल्या असतात. कळप घटतोय तो बोटींच्या त्रासाने की उपासमारीने, हा वाद होता. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम वॉसर यांच्या गटाने २००८ ते २०१४ या काळात ७९ वेगवेगळ्या ओर्कांचे ३४८ विष्ठेचे नमुने तपासले. कसलाही ताण आला की कॉर्टिसोलच्या गटातले हार्मोन चढतात. उपासमार झाली की मात्र टी-३ उतरतो, कारण शरीर आपली शेगडी मंद करतं. दोन्ही एकत्र पाहिल्यावर सॅमनच्या तुटवड्याकडे बोट गेलं. त्याच नमुन्यांतून ३५ गर्भधारणा सापडल्या आणि त्यातल्या २४ फुकट गेल्या होत्या, म्हणजे शंभरात जवळपास ६९. २०१७ मध्ये हे छापून आलं. एकाच हार्मोनवर पैसे वाचवले असते तर हे उत्तर हाती लागलं नसतं.

आता ज्या रकान्याबद्दल प्रस्तावात बहुधा काहीच नसतं, त्याबद्दल. बाजारातले किट देवमाशाच्या विष्ठेसाठी बनवलेले नसतात. ते या नमुन्यावर खरंच चालतात का, नमुना पातळ करत नेला तर आकडे त्याच प्रमाणात उतरतात का, मुद्दाम घातलेला हार्मोन पुरा मोजला जातो का, हे आधी तपासावं लागतं. प्रत्येक हार्मोनला किमान दोन प्लेट यात जातात. चार हार्मोन, दोन-दोन प्लेट, पंचेचाळीस हजारांनी ३ लाख ६० हजार रुपये, आणि एकाही देवमाशाबद्दल एक ओळही हाती नाही. हा पैसा वाया गेलेला नाही. तो नसेल तर पुढचा सगळा वाया जातो. बजेटमध्ये "पडताळणी" हा शब्द शोधा. नसेल तर फोन करून विचारा.

बोट, इंधन आणि कुत्रा

देवमाशाची विष्ठा तरंगते, पण फार वेळ नाही. काही मिनिटांत ती पसरते, मग बुडते. राइट व्हेलची विष्ठा नारिंगी-तपकिरी असते आणि तिचा वास इतका उग्र, की एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. बारीक जाळीच्या लांब दांड्याच्या झोळीने ती पाण्यातून उचलायची, डबीत भरायची, डबीवर तारीख, वेळ, जागा लिहायची आणि लगेच बर्फात ठेवायची. डबी उन्हात राहिली तर जिवाणू हार्मोनची मोडतोड चालूच ठेवतात आणि प्लेटवर येणारा आकडा खोटा असतो. आणखी एक गोष्ट : समुद्राचं मीठ भुकटीच्या वजनात मिसळतं. मीठ काढलं नाही तर हार्मोनचं प्रमाण आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

ही झोळी पाण्यात बुडवण्याची वेळ येईपर्यंत किती पैसे जातात ते पाहा. शंभर हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन मध्यम वेगात तासाला वीस लिटर पेट्रोल पितं. आठ तासांचे १६० लिटर, म्हणजे १६,८०० रुपये निव्वळ इंधनाचे. बोटीचं भाडं, तांडेल आणि खलाशाची मजुरी, बर्फ, जेवण धरा, दिवस तीस हजारांवर जातो. त्यातला निम्मा वेळ जाण्यायेण्यात आणि देवमासे शोधण्यात जातो. कॅनडाच्या फंडीच्या आखातात रोलँड यांच्या गटाने मोजून पाहिलं, की दिसेल तेव्हा उचलू अशा पद्धतीने तासाला पाव नमुना मिळत होता. चार तासांत एक. म्हणजे एक डबी तीस हजार रुपयांची, आणि तिची चार हार्मोनची तपासणी पाच हजारांची. वारा उठला, धुकं उतरलं की बोट धक्क्याला, मजुरी मात्र चालूच. प्रस्तावात खराब हवामानाचे दिवस वेगळे धरलेले नसतील तर तो माणूस समुद्रावर फारसा गेलेला नाही, असं खुशाल समजा.

याच अडचणीवर त्या गटाने कुत्रा आणला. फार्गो नावाचा रॉटवायलर बोटीच्या नाळेवर उभा राहायचा. वारा ज्या दिशेने येतोय तिला आडवी बोट चालवायची. वासाचा झोत लागला की कुत्र्याची मान वळते, शेपूट हलू लागतं, तो एका बाजूला झुकतो. त्याला सांभाळणारा माणूस नुसत्या हाताच्या खुणेने चालकाला बोट वळवायला सांगतो. वास सुटला की कुत्रा सैल पडतो, मग पुन्हा वळून शोधायचं. असे कुत्रे सुमारे एक सागरी मैलावरून, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरवरून, विष्ठा शोधतात. त्यांच्यामुळे नमुन्यांचा वेग तासाला एकाच्या वर, म्हणजे चौपटीहून जास्त झाला. वरच्याच हिशेबात डबीचा खर्च तीस हजारांवरून सात-साडेसात हजारांवर येतो. आणखी फायदा असा, की कुत्रा देवमाशाच्या जवळ न जाता मागे राहिलेली विष्ठा शोधतो, त्यामुळे तणाव मोजायला गेलेली बोटच तणाव देते, असं होत नाही.

पण कुत्र्याचा खर्च हंगामापुरता नसतो. शिकवण्याचे महिने, सांभाळणाऱ्याचा वर्षभराचा पगार, पशुवैद्य, हे सगळं बाराही महिने चालतं. हंगामात शंभरेक नमुने मिळण्याची खात्री असेल तरच तो परवडतो. देवमासेच क्वचित दिसणाऱ्या पाण्यात कुत्रा घेऊन जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. ऑरेगनमध्ये न्यूपोर्टजवळ प्राध्यापक ली टोरेस यांचा गट २०१६ पासून करड्या देवमाशांवर असंच काम करतो. तिथे जनावरं उन्हाळाभर किनाऱ्याला चिकटून चरतात, म्हणून छोट्या रबरी बोटीतून, साध्या झोळीने भागतं. जागा योग्य असली तर साधी साधनं पुरतात.

फवारा आणि ड्रोन

वर्तमानपत्रांत सगळ्यांत जास्त छापून येते ती ही पद्धत. देवमासा वर येऊन श्वास सोडतो, त्या फवाऱ्यातून ड्रोन जातो, त्याच्यावर बसवलेल्या थाळ्यांत थेंब जमतात. अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या ओशन अलायन्स या संस्थेने २०१५ मध्ये स्नॉटबॉट नावाने यासाठी लोकवर्गणी मागितली, ती २,२५,००० डॉलरची. वर धरलेल्या दराने १ कोटी ९१ लाख रुपये. त्यात पॅटागोनिया, मेक्सिकोचं कॉर्टेझ आखात आणि अलास्का अशा तीन मोहिमा होत्या. त्या काळी डीजेआय कंपनीचा इन्स्पायर ड्रोन सुमारे तीन हजार डॉलरला मिळायचा. तेव्हा ड्रोनच्या किमतीकडे पाहून फवाऱ्याची पद्धत स्वस्त आहे असं ठरवू नका. पैसा जातो तो माणसं तिथवर नेण्यात.

शिवाय फवाऱ्यातून मिळतं ते थोडं आणि अनिश्चित. थेंब किती, त्यात समुद्राचं पाणी किती, हे कळत नाही. म्हणून राइट व्हेलच्या फवाऱ्यावर काम करणाऱ्यांनी सोबत युरिया मोजून पाहिला, म्हणजे नमुना किती पातळ झाला आहे याचा अंदाज येतो. नमुना इतका अल्प असतो, की अनेकदा नेहमीच्या प्लेटऐवजी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. ते यंत्र कोटीच्या घरात जातं. ते विकत घ्यायचं नसतं, ज्यांच्याकडे आहे त्यांना नमुन्यामागे शुल्क द्यायचं असतं. त्या शुल्काचं पत्र प्रस्तावाला जोडलेलं आहे का पाहा.

भारतात करायचं असेल तर आणखी एक अडसर. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधनासाठी सूट मिळते, पण परवानगी काढून. ड्रोनची नोंदणी, तटरक्षक दल आणि जिल्हा प्रशासनाला आगाऊ कळवणं, हे सगळं वेळापत्रकात बसवावं लागतं. परवानगी हातात नसताना ड्रोनचं बिल चुकतं करू नका.

नमुना निवडताना पैशांच्या आधी एक गोष्ट ठरवा : तुम्हाला कोणत्या काळाबद्दल विचारायचं आहे? फवारा आत्ताचं सांगतो. विष्ठा गेल्या दिवसाभराचं सांगते, त्यामुळे बोट जवळ आल्याने आलेला क्षणिक ताण तिच्यात मिसळत नाही. चरबीत आठवड्यांचा हिशेब असतो, पण चरबीसाठी बाण मारून टोचावं लागतं. जखम छोटी असली तरी जखमच ती. ज्या संस्थेचा दावा "स्पर्शही नाही" असा आहे, तिच्या यादीत बाण दिसला तर खुलासा मागा.

मेलेल्या देवमाशाचं देणं

माझ्या मते रुपयामागे सगळ्यांत जास्त माहिती इथे मिळते. दात नसलेल्या देवमाशांच्या वरच्या जबड्याला बॅलीनच्या पट्ट्या लोंबतात. त्या नखांसारख्या सतत वाढतात आणि वाढताना त्या दिवसांचे हार्मोन आपल्यात मुरवून घेतात. मूळ जबड्याशी, म्हणजे सगळ्यांत ताजा भाग तिथे. हातातल्या छोट्या ड्रिलने दर एक-दोन सेंटिमीटरवर थोडीशी भुकटी काढायची आणि प्लेटवर लावायची. कॅथलीन हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राइट व्हेलच्या पट्ट्यांवर हे करून पाहिलं, तेव्हा मादीच्या नोंद असलेल्या वेतांच्या काळात प्रोजेस्टेरॉनचे उंचच उंच डोंगर दिसले. २.४ मीटरच्या पट्टीवर दर दोन सेंटिमीटरला एक धरला तर १२० नमुने, चार प्लेट, म्हणजे एका हार्मोनचे १ लाख ८० हजार रुपये. त्यात एका मादीची दहा-एक वर्षांची कहाणी मिळते, आणि बोटीचा खर्च शून्य.

कानातला मळ तर त्याहून पुढे जातो. देवमाशाच्या कानात मळाचा दट्ट्या आयुष्यभर थराथराने साठतो. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जहाजाच्या धडकेने मेलेल्या निळ्या देवमाशाच्या कानातून सुमारे २५ सेंटिमीटरचा दट्ट्या निघाला. बेलर विद्यापीठाच्या स्टीफन ट्रंबल आणि साशा उसेन्को यांनी तो थरांनुसार तपासला. नर बारा वर्षांचा होता, दहाव्या वर्षाच्या सुमारास वयात आला, हे टेस्टोस्टेरॉनच्या उसळीवरून कळलं. पुढे २०१८ मध्ये त्यांनी संग्रहालयांत पडून असलेले धरून वीस देवमाशांचे दट्टे तपासले आणि १८७० पासूनच्या कॉर्टिसोलचा आलेख काढला. शिकार जोरात असताना ताण जास्त, १९६० च्या दशकात सर्वांत जास्त. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली होती, तरीही ताण चढलेला होता. हे सगळं काम ज्या नमुन्यांवर झालं ते कुणीतरी दशकांपूर्वी जपून ठेवले होते.

म्हणून फ्रीझरवर खर्च करताना हात आखडू नका. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरला काही लाख लागतात, वर्षानुवर्षं वीज आणि जनरेटर लागतो, आणि देणगीदारांना त्यात फोटो काढण्यासारखं काही दिसत नाही. तरीही जपलेल्या नमुन्यांचं मोल मोठं असतं. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरच्या हल्ल्यांनंतर जहाजांची वर्दळ घटली, तेव्हा फंडीच्या आखातात पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलने उतरला आणि त्याच दिवसांत जमवलेल्या विष्ठेत राइट व्हेलचे तणावाचे हार्मोन कमी निघाले. आवाजाच्या नोंदी एका गटाकडे होत्या, नमुने दुसऱ्याकडे. कुणी हा प्रयोग आखला नव्हता. तारीख आणि जागा लिहिलेली नमुन्यांची डबी आणि आवाजाच्या जपलेल्या नोंदी होत्या, म्हणून २०१२ मध्ये ते लिहिता आलं. जहाजांच्या आवाजाने देवमाशांना ताण येतो, याचा तो आजही सगळ्यांत बोलका पुरावा आहे.

कागदपत्रं

अमेरिकेत राइट व्हेलच्या ५०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण साडेचारशे मीटरच्या आत, परवान्याशिवाय जायला १९९७ पासून मनाई आहे. विद्यार्थ्याने स्वतः परवाना काढायच्या फंदात पडू नये. ज्या गटाकडे परवाना आहे त्याच्या बोटीवर जागा मिळवावी. आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या सायटिस करारातून प्राण्याला त्रास न देता मिळालेली विष्ठा वगळलेली आहे, बॅलीनची पट्टी वगळलेली नाही. पण भारतातून कुठलाही जैविक नमुना परदेशी पाठवायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. इथल्या पाण्यात काम करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कारण देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर सापडलेली स्पर्म व्हेलची 'उलटी', म्हणजे अंबरग्रिस, घरी नेऊन लोक तुरुंगात गेले आहेत. तोच कायदा संशोधकालाही लागू आहे. परवानगी येईपर्यंतच्या महिन्यांचा पगार बजेटमध्ये हवा.

कोकणात पैसे द्यायचे तर

सिंधुदुर्गाच्या समुद्रात निळे देवमासे आणि ब्राइड्स व्हेल दिसल्याच्या नोंदी कोकण सिटेशियन रिसर्च टीमने केल्या आहेत. ओमानला उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची हंपबॅक मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्यापाशी आली आणि पुढे दक्षिणेला गेली. तेव्हा आपल्या दारात देवमासे आहेत. नाही ती त्यांची ओळखवही. राइट व्हेलच्या डोक्यावरच्या खडबडीत चट्ट्यांवरून एकेक जनावर ओळखून १९८० पासून त्यांचे फोटो जपले गेले. म्हणूनच डबीतली विष्ठा कुणाची, ती मादी पूर्वी कधी व्याली, हे सांगता आलं आणि हार्मोनच्या आकड्यांना अर्थ आला. ही वही बाजारात विकत मिळत नाही. ती नसताना कोकणात हार्मोनच्या मोहिमेला पैसे देणं मला घाईचं वाटतं. त्याच रकमेत बोटीचे दिवस, चांगली लेन्स आणि फोटो लावून ठेवणाऱ्या माणसाचा पगार द्या.

प्रयोगशाळेची चिंता त्यामानाने कमी. हैदराबादच्या सीसीएमबीची लॅकोन्स ही प्रयोगशाळा वाघांच्या विष्ठेतून तणावाचे हार्मोन मोजते. कान्हा आणि बांधवगडमध्ये पर्यटनाचा वाघांवर ताण येतो, हे त्यांनीच दाखवलं. पद्धत इथे आहे, माणसं इथे आहेत, नवीन लॅब बांधायला पैसे मागणाऱ्याला आधी त्यांच्याशी बोलायला सांगा.

लगेच फळ देणारी एक गोष्ट आहे. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं, त्याला वाचवायला गावकऱ्यांनी आणि यंत्रणांनी दोन दिवस जीव तोडून धडपड केली. असं जनावर मेलं की ते पुरण्याची घाई असते, आणि ती रास्तही असते. त्या काही तासांत वन विभागाच्या देखरेखीखाली बॅलीनची पट्टी, चरबी, विष्ठा आणि जमल्यास कानातला दट्ट्या काढून ठेवायला तयार माणूस हवा. निळ्या देवमाशाची पट्टी राइट व्हेलपेक्षा बरीच आखूड, म्हणजे कहाणीही थोड्या वर्षांची, पण ती फुकट मिळते. जाड सुऱ्या, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, झाकणाच्या डब्या, न पुसणारं पेन, हातमोजे आणि वीस-तीस हजारांचा साधा डीप फ्रीझर, एवढंच सुरुवातीला लागतं. जिल्ह्याला असा एक संच आणि दोन शिकवलेली माणसं, पन्नास-साठ हजारांत तयारी होते. बोटीच्या दोन दिवसांचे पैसे. देवमासा लागल्याची खबर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्यायची, स्वतः काही कापायचं नाही.

जाळ्यात सापडलेलं संरक्षित जनावर सोडवण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. प्रस्तावात मच्छीमारांशी बोलण्याचा, या योजनेचे अर्ज भरून देण्याचा खर्च असेल तर तो कापू नका. समुद्रात काय दिसलं हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं, आणि जाळं ओढत फिरणारा देवमासा कमालीच्या तणावात असतो, हे राइट व्हेलच्या विष्ठेने आणि पट्ट्यांनी वारंवार दाखवलं आहे.

पैसे एकरकमी देऊ नका. पहिला हप्ता परवानग्या आणि फोटोंच्या वहीसाठी, दुसरा पडताळणीच्या प्लेटांसाठी, तिसरा समुद्रावरच्या दिवसांसाठी. शेवटचा पंचवीस टक्के हप्ता नमुन्यांची पूर्ण यादी हाती आल्यावर द्या. तीत प्रत्येक डबीची तारीख, वेळ, जागा, जनावराचा फोटो क्रमांक आणि ती आज कोणत्या फ्रीझरच्या कोणत्या कप्प्यात आहे, हे लिहिलेलं असलं पाहिजे.